आधी ऊन बघा, मग बिया आणा

पत्र: "नमस्कार ताई, आम्ही पुण्यात सिंहगड रोडला चौथ्या मजल्यावर राहतो, घरात पाच माणसं. किचनला लागून उत्तरेकडे ड्राय बाल्कनी आहे आणि हॉलची बाल्कनी दक्षिणेला, साधारण १० बाय ४ फूट. मागच्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास मी बियांची पंधरा पाकिटं आणली आणि एकाच रविवारी सगळं लावून टाकलं. टोमॅटो उत्तरेच्या बाल्कनीत ठेवले कारण जूनमध्ये तिथे छान ऊन येत होतं. झाडं माझ्या उंचीची झाली पण टोमॅटो मोजून चार. कोथिंबीर उगवलीच नाही. मेथी सगळी एकाच आठवड्यात आली आणि मग पुढे काही नाही. सासूबाईंचं म्हणणं, रोजची कोथिंबीर-मिरची तरी घरची मिळावी. मुलीला पिझ्झावर घालायला हर्ब्ज हवीत. आता गणपती झाले, नवीन सीझनला काय काय लावू, एक लिस्ट द्याल का? आणि दिवाळीत आठ दिवस गावाला जातोय, तेव्हा झाडांचं काय करायचं?"

ताई, लिस्ट देते, पण आधी एक काम करा. आजपासून तीन-चार दिवस दोन्ही बाल्कन्यांत सकाळी ८, दुपारी १२ आणि ४ वाजता ऊन कुठपर्यंत येतं ते खडूने जमिनीवर मार्क करून ठेवा. बियांचं दुकान त्यानंतर. कारण तुमच्या पत्रात जे वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात ना, की जूनमध्ये तिथे ऊन येत होतं, त्यातच तुमच्या चार टोमॅटोंचं उत्तर आहे.

आपल्याकडे मार्च संपता संपता सूर्य पूर्वेच्या थोडा उत्तरेला उगवायला लागतो आणि उत्तरेकडेच मावळतो, म्हणून उन्हाळ्यात आणि जून-जुलैत उत्तरेच्या बाल्कनीला सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन मिळतं. पुण्यात तर साधारण मे मध्यापासून जुलै अखेरपर्यंत भर दुपारचा सूर्यसुद्धा डोक्यावरून जरासा उत्तरेलाच असतो. पण २२-२३ सप्टेंबरला दिवस-रात्र सारखे झाले की तिथून पुढे मार्चपर्यंत सूर्य दक्षिणेकडेच, आणि उत्तरेच्या बाल्कनीला थेट ऊन म्हणाल तर शून्य. म्हणजे तुम्ही दसऱ्याला टोमॅटो लावले तेव्हा ती जागा ऑलरेडी सावलीत गेली होती. झाड बिचारं उजेड शोधत उंच उंच गेलं, त्यालाच तुम्ही छान वाढ समजलात, आणि फळ धरायला लागणारी ताकद त्याला मिळालीच नाही.

आता उलट दक्षिणेची बघा. डिसेंबरात पुण्यात दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४८ अंश वर असतो, म्हणजे तिरका, म्हणजे ऊन आत शिरतं. तुमच्या वरच्या स्लॅबची उंची ९ फूट धरली तर सप्टेंबर अखेरीला दुपारचं ऊन फरशीवर साधारण ३ फूट आत येईल आणि डिसेंबरात ८ फूट, म्हणजे बाल्कनी ओलांडून हॉलच्या आत. समोर उंच बिल्डिंग नसेल तर थंडीच्या भाज्यांसाठी यापेक्षा चांगली जागा फ्लॅटमध्ये मिळत नाही. फक्त कठडा भरीव विटांचा असेल तर त्याच्या पायथ्याशी सावलीच राहते, तिथे कुंड्या दोन-दोन विटांवर किंवा लोखंडी स्टँडवर उचलून ठेवा. कठड्याच्या बाहेर मात्र काहीही टांगू नका. चौथा मजला आहे, खाली माणसं चालतात, कितीही मजबूत हुक असला तरी नाही म्हणजे नाही.

तर विभागणी सोपी झाली. फळभाज्यांना, म्हणजे टोमॅटो, मिरची, वांग्याला रोज किमान ६ तास ऊन लागतं, त्या सगळ्या दक्षिणेला. पालेभाज्यांचं ३-४ तासांवर भागतं, पण त्याही दक्षिणेलाच. आणि उत्तरेची ड्राय बाल्कनी मोकळी सोडू नका, तिथे अळू, पुदिना आणि कंपोस्टची बादली. अळूला सावली आणि ओल दोन्ही आवडतात. वॉशिंग मशिनचं साबणाचं पाणी तेवढं देऊ नका कोणी सांगितलं तरी.

आता काय लावायचं. इथे माझं स्पष्ट मत आहे की पंधरा पाकिटांपैकी निम्मी दुकानातच ठेवा. कोबी-फ्लॉवर नको, एक गड्डा यायला माती भरायची एक अख्खी मोठी ग्रो बॅग अडीच-तीन महिने अडकून पडते आणि त्याच दिवसांत मंडईत फ्लॉवर स्वस्त असतो. बटाटा नको, कांदा नको. मका तर नकोच नको. घरी लावायचं ते असं की जे रोज थोडं थोडं लागतं, जे ताजं असताना आणि शिळं असताना चवीला जमीन-अस्मानाचा फरक पडतो, किंवा जे कापलं की परत फुटतं. या तीन कसोट्या लावल्यात की तुमच्या घरासाठी उरतं ते कोथिंबीर, मेथी, पालक, लसणीची पात, मिरची, टोमॅटो, एक-दोन वांगी, मुळा, आणि हर्ब्जमध्ये पुदिना, गवती चहा, तुळस-सब्जा. शेपू घरात आवडत असेल तर तोही, तो फार भराभर येतो. आंबट चुका मला स्वतःला फार प्रिय आहे, मंडईत शोधावा लागतो आणि घरी लावला तर कुंडीभर पसरतो, एक छोटा टब त्याचा ठेवून बघाच.

मेथीचं तुमचं काय चुकलं ते सांगते, कारण हे जवळजवळ सगळ्यांचं होतं. मेथी दोन-चार दिवसांत उगवते आणि २५-३० दिवसांत तयार. एकदा तयार झाली की ती तुमच्यासाठी थांबत नाही, चार दिवस उशीर केलात की दांडे जून होतात. म्हणजे तुम्ही चार टब एका रविवारी पेरलेत तर चार टब एकाच आठवड्यात खावे लागणार. त्याऐवजी भाजी मंडईत प्लॅस्टिकचे जे क्रेट असतात ना, तसे जुने चार क्रेट आणा, आतून शेडनेट नाहीतर जुनं सुती पातळ लावून घ्या, ६-७ इंच माती भरा, आणि दर आठ-दहा दिवसांनी एकच क्रेट पेरा. पहिला कापायला येईपर्यंत चौथा नुकताच उगवलेला असतो, पहिला रिकामा झाला की दोन मुठी कंपोस्ट मिसळून परत पेरायचा. किचनच्या कॅलेंडरवर, जिथे दुधाचा हिशोब लिहिता तिथेच, पेरणीची तारीख लिहा. एका क्रेटातून पाच माणसांची साधारण एका वेळची भाजी निघते, त्यात मूगडाळ घातली की पुरते. एवढंच मिळतं, यापेक्षा जास्त मिळेल असं मी सांगणार नाही, पण आठवड्याला एकदा तोडून लगेच कढईत टाकलेली मेथी, ती चव वेगळीच.

पालकाला हा त्रास कमी आहे कारण तो उपटायचा नसतो. महिन्याभरात पहिली कापणी, बाहेरची पानं कापायची, मधला कोंब ठेवायचा, मग दर दहा-पंधरा दिवसांनी परत. ऑल ग्रीन नावाचा वाण सगळीकडे मिळतो आणि चांगला आहे.

कोथिंबिरीवर मात्र मी जरा थांबणार आहे, कारण सासूबाईंची फर्माईश तीच आहे आणि तुमची उगवलीच नाही. आपण ज्याला एक धणा म्हणतो ते खरं तर फळ आहे आणि त्यात दोन बिया असतात. तो अख्खा पेरला तर कडक सालातून पाणी आत जायला वेळ लागतो, तोवर वरची माती एकदा जरी सुकली तरी काम संपलं. म्हणून धणे सुती कापडावर पसरायचे, वर कापडाची दुसरी घडी टाकायची आणि लाटण्याने हलक्या हाताने फिरवायचं, इतकंच की धणा मधोमध दुभंगेल, पीठ नाही करायचं. दोन फाका सुट्या झाल्या की त्या रात्रभर पाण्यात, सकाळी निथळून कापडात बांधून आणखी एक दिवस दमट ठेवायच्या, मग अर्धा इंच खोल ओळीत पेरायच्या. वर मातीचा नाही तर चाळलेल्या कंपोस्टचा पातळ थर, आणि त्यावर ओलं गोणपाट. पाणी झारीने किंवा स्प्रेने, मगाने ओतलंत की बिया एका कोपऱ्यात वाहून जातात. रोज सकाळी गोणपाट उचलून बघायचं, कोंब दिसला की त्याच दिवशी ते काढून टाकायचं, नाहीतर कोंब पिवळे लांबडे होतात. उगवायला ७ ते १२ दिवस लागतात, इथेच लोकांचा धीर सुटतो आणि सहाव्या दिवशी माती उकरून बघतात. उकरू नका. पेरल्यापासून ३५ ते ४५ दिवसांत कोथिंबीर हाताशी.

धणे किचनच्या डब्यातले चालतात का? चालतात, पण जुने असतील तर उगवण कमी, म्हणून आधी वीस दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून बघा, बारा-पंधराला कोंब आले तर पेरा, पाच-सहालाच आले तर त्यांची धणेपूड करा. आपल्याकडे घटस्थापनेला पत्रावळीवर माती घालून धान्य पेरतात, त्यातून घरच्या बियाण्याची उगवण आपोआप दिसून येते. तुमच्याकडे घट बसत असतील तर मुलीला त्यातलं धान्य कोणत्या दिवशी किती वर आलं ते रोज बघायला सांगा, बियांशी ओळख व्हायला यापेक्षा चांगली सुरुवात नाही. दुकानातलं पाकीट घेताना मात्र पाकिटावर तपासणीची तारीख आणि वैधतेची तारीख छापलेली असते ती वाचूनच घ्या. आणि गुलाबी-निळ्या रंगाच्या बिया असतील तर त्यांना बुरशीनाशक लावलेलं असतं, हात स्वच्छ धुवा आणि उरलेल्या चुकूनही फोडणीच्या डब्याजवळ ठेवू नका.

कोथिंबिरीला अजून एक गोष्ट, ऑक्टोबर हीटमध्ये ती लवकर फुलावर जाते. म्हणून पहिला टब सप्टेंबर अखेरीला पेरलात तर दुपारी त्यावर शेडनेट हवं, नोव्हेंबरात पेरलेली मात्र बिनधास्त उन्हात. दर पंधरा दिवसांनी एक टब, फेब्रुवारी मध्यापर्यंत. रोजची जुडीभर नाही मिळणार ताई, सासूबाईंना हे आधीच सांगून टाका, पण आमटी-पोह्यांवर घालायला रोजची चिमूट-मूठ नक्की मिळेल.

आता फळभाज्या. टोमॅटो, मिरची, वांगं यांचं बी आत्ता, याच आठवड्यात, कागदी कपात किंवा सीडलिंग ट्रेमध्ये टाका, मोठ्या बॅगेत थेट नको. रोपं २५-३० दिवसांची झाली, चार-पाच खरी पानं (बीतून आधी निघणारी दोन सोडून) दिसली की मोठ्या बॅगेत हलवायची, मिरचीला अजून आठवडा-दहा दिवस लागू शकतात. म्हणजे हिशोब बघा, १५ सप्टेंबरला बी टाकलं तर ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात लावणी, तोवर हस्ताचा पाऊसही बहुतेक आटपलेला असतो. तो पाऊस फार जोरात कोसळतो आणि कोवळी रोपं आडवी करतो, म्हणून रोपांचा ट्रे आतच ठेवा. लावणीपासून दोन-अडीच महिन्यांनी टोमॅटो लाल व्हायला लागतात, म्हणजे नाताळच्या आसपास. बी टाकायला उशीर झाला तर नर्सरीतून रोपं आणा, त्यात कमीपणा काही नाही, फक्त पानांची मागची बाजू उलटून बघून घ्या, पांढरी माशी घरी घेऊन येऊ नका.

टोमॅटो लावताना रोपाची खालची पानं काढून खोड जरा खोल गाडा, गाडलेल्या खोडालाही मुळं फुटतात आणि रोप घट्ट बसतं. एका बॅगेत एकच रोप. बॅग १५ बाय १५ इंचाची. दोनच रोपं लावा टोमॅटोची, फार तर तीन. मिरचीची तीन, वांग्याची एक किंवा दोन, त्यांना १२ इंची बॅग पुरते. एवढ्यावर थांबा या वर्षी. वाणांबद्दल म्हणाल तर टोमॅटोत बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा अर्का रक्षक रोगांना चांगला तोंड देतो, तो संकरित आहे त्यामुळे त्याचं बी पुढच्या वर्षासाठी धरून ठेवू नका. मिरचीत राहुरीच्या कृषी विद्यापीठाची फुले ज्योती आहे, झुपक्याने मिरच्या लागतात.

फुलं येऊन गळली तर लगेच खत ओतू नका. बहुतेक वेळा कारण उष्णता असते, रात्री गार झाल्या की फुलं धरायला लागतात. फुलांच्या दिवसांत सकाळी फांदीला बोटाने हलकी टिचकी मारा, चौथ्या मजल्यावर वारा-मधमाश्या कमी असतील तर याचा उपयोग होतो, टोमॅटोचं फूल आपल्याच परागावर फळतं. टोमॅटोच्या बुडाला काळा खोलगट डाग पडला तर तो रोग नाही, एक दिवस कोरडं ठणठणीत आणि दुसऱ्या दिवशी पाण्याचा पूर असं झालं की झाडाला कॅल्शियम घेता येत नाही आणि तो डाग पडतो. पाणी सारखं ठेवा, पुढची फळं चांगली येतात.

पाणी किती, याचं उत्तर मगात देता येत नाही. तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला, ओलसर लागलं तर आज राहू द्या, कोरडं लागलं तर खालून निथळेपर्यंत द्या. ऑक्टोबरात रोज लागेल, डिसेंबर-जानेवारीत एक दिवसाआड. बॅगेखाली ताटली ठेवा म्हणजे खालच्यांच्या बाल्कनीत गळणार नाही, पण ताटलीतलं पाणी तासाभराने ओतून टाका, डेंग्यूचे डास अशाच साठलेल्या पाण्यात होतात.

मातीबद्दल. मागच्या वर्षीची माती फेकू नका, प्लॅस्टिकवर पसरून मुळं वेचा, चार-पाच दिवस कडक उन्हात उलटसुलट करा, त्यात निम्मं गांडूळखत किंवा घरचं कंपोस्ट आणि दर बॅगेला मूठभर निंबोळी पेंड घाला. जिथे टोमॅटो होते ती माती पालेभाजीला वापरा आणि पालेभाजीची टोमॅटोला, कारण टोमॅटो, मिरची, वांगं, बटाटा हे सगळे एकाच घराण्यातले, एकाची मातीतली दुखणी दुसऱ्याला लागतात. नवीन भरायचं असेल तर एक भाग माती, एक भाग कंपोस्ट, एक भाग कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. कोकोपीटची वीट भिजवून एकदा-दोनदा धुऊन पिळून घ्या, त्यात मीठ असतं. नुसती लाल माती भरू नका, दोन कारणांनी. एक तर ती कुंडीत घट्ट बसते. दुसरं वजन. १५ इंची बॅगेत जवळजवळ ४० लिटर माल बसतो, साधी माती ओली झाली की एकच बॅग ६० किलोच्या घरात जाते, बाल्कनीत अशा डझनभर ठेवू नका, आणि ज्या ठेवाल त्या भिंतीकडेच्या बाजूला, टोकाला नाही. उन्हासाठी कठड्याजवळ सरकवायच्या त्या हलक्या क्रेट आणि लहान बॅगा.

खताच्या बाबतीत सध्या कांद्याच्या सालीचं पाणी, केळ्याच्या सालीचं पाणी, तांदळाचं पाणी असं खूप फिरतंय. अपाय फारसा नाही, पण त्याच्यावर झाडं पोसली जात नाहीत. त्याच साली कंपोस्टच्या बादलीत घाला, वाळलेल्या पानांचा थर एक आणि ओल्या कचऱ्याचा थर एक असं करत, दीड-दोन महिन्यांत मातीसारखं काळं, वास नसलेलं खत मिळतं. आज बादली सुरू केलीत तर नोव्हेंबरात हाताशी. वाळलेली पानं सोसायटीच्या आवारात पोत्यांनी असतात, झाडणाऱ्या मावशींना सांगून ठेवा की जाळू नका, आम्हाला द्या. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी, ते गणिताचे प्राध्यापक होते, प्रयोग परिवार नावाच्या आपल्या चळवळीतून हेच लोकांना समजावलं की शहरातला पालापाचोळा आणि ऊन हाच आपला शेतीचा माल आहे. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कॅन्टीनच्या गच्चीवर स्वयंपाकघरातल्या कचऱ्यातून भाजी पिकवलेली लोकांनी पाहिलीय. त्या पद्धतीतलं अमृतजल तुम्हीही करू शकता, १० लिटर पाण्यात १ किलो ताजं शेण, १ लिटर गोमूत्र आणि ५० ग्रॅम काळा गूळ, तीन दिवस रोज सकाळ-संध्याकाळ ढवळायचं, मग दसपट पाणी घालून झाडांना द्यायचं. फ्लॅटमध्ये वास येतो हे खरं, ज्यांना जमणार नाही त्यांनी दर पंधरा दिवसांनी बॅगेला दोन मुठी गांडूळखत देऊन वर माती ओढावी, तेही पुरेसं आहे.

मुलीच्या पिझ्झाकडे येऊ. इटालियन बेसिल म्हणून नर्सरीत महाग मिळतं ते आणि आपला सब्जा ही एकाच जातीची भावंडं, सुगंध थोडा वेगळा. वाण्याकडचा सब्जा चिमूटभर कुंडीत टाकलात तरी उगवतो, तुरे आले की खुडत राहायचं म्हणजे पानं येत राहतात. ओरिगॅनोऐवजी पानओवा लावा, जाड लुसलुशीत पानांचा, एक फांदी खोचली की लागते, पिझ्झावर बारीक चिरून छान लागतो आणि उरलेल्या पानांची भजी होतात. पुदिना विकत आणायची गरज नाही, बाजारच्या जुडीतले चार जाड दांडे निवडून पाण्यात ठेवा, आठवड्यात मुळं फुटतात. त्याला वेगळी पसरट कुंडी द्या, दुसऱ्या कुणाच्या शेजारी लावलात तर त्याची जागा खाऊन टाकतो. गवती चहा कुणाकडून तरी मुळासकट ठोंब मागून आणा. कढीपत्ता असेल तर त्याला थंडीत छेडू नका, वाढ मंदावलेली असते, कुंडी बदलायची ती उन्हाळा लागताना.

कीड येणार, हे गृहीत धरा. टोमॅटोच्या पानावर पांढरी नागमोडी रेघ दिसली तर ती नागअळी, रेघेच्या टोकाशी पान उजेडाला धरून बघा, बारीकशी अळी आत दिसते, तिथेच चिमटीत दाबा किंवा ते पान तोडून टाका. मावा, म्हणजे कोवळ्या शेंड्यांना चिकटून रस शोषणारी बारीक कीड, आला तर आधी नुसत्या पाण्याचा जोरदार फवारा. मग १ लिटर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण, नीट हलवून, संध्याकाळी पानांच्या मागच्या बाजूने, आठवड्याने परत. पिवळे चिकट सापळे दोन टांगून ठेवा, पांढरी माशी त्यावर अडकते. वांग्याचा शेंडा एकाएकी मान टाकलेला दिसला की आत अळी शिरलीय, शेंडा चार बोटं खालून कापून पिशवीत बंद करून टाका. मिरचीची पानं वळून वाटीसारखी झाली, चुरडा-मुरडा म्हणतात ते, तर सुरुवातीला फवारणीने सावरतं, पण सगळं झाडच आखडलं असेल तर वाईट वाटलं तरी उपटा, बाकीच्या दोघी वाचतील.

एक गोष्ट माझ्याकडून जास्तीची. जानेवारीत भोगी असते, तर त्या दिवशीच्या भाजीत निदान तीन जिन्नस घरचे पडतील असं आत्तापासून धरून चाला. वांगं आणि टोमॅटो तर तयार असतीलच. गाजराला ८०-१०० दिवस लागतात म्हणून ते ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातच पेरायला हवं, फूटभर खोल बॅगेत, थेट बी, गाजराची रोपं उचलून लावली की वाकडी होतात. हरभरेही मूठभर त्याच सुमारास एका क्रेटात टाका, शेंडे खुडून भाजी करा आणि नंतर घाटे धरू द्या. पावटा-वालाचा वेल मात्र आता उशिराचा, तो पावसाळ्याच्या तोंडालाच लावायचा असतो, पुढच्या वर्षी.

आणि दिवाळी. निघायच्या आधीच्या दहा दिवसांत नवीन काही पेरू नका, कोवळ्या रोपांना आठ दिवस पाण्याविना जमणार नाही. जी मेथी-पालक तयार असेल ती कापून गावाला घेऊन जा. पालेभाज्यांचे क्रेट आणि लहान कुंड्या आठ दिवसांपुरत्या उत्तरेच्या बाल्कनीत एकमेकांना चिकटवून ठेवा, भरपूर पाणी देऊन वर वाळलेल्या पानांचा दोन इंच थर, सावलीत एवढ्यावर निभावतात. टोमॅटो-मिरचीच्या बॅगा जड असतात, त्या जागेवरच राहू द्या, त्यांच्याजवळ स्टुलावर पाण्याची भरलेली बादली ठेवा, झाकण घाला, आणि सुती दोरी भिजवून तिचं एक टोक बादलीच्या तळाशी, दुसरं मुळांजवळ मातीत तीन-चार इंच पुरा. दर बॅगेला वेगळी दोरी. हे जायच्या आदल्या दिवशी नाही, आठवडाभर आधी लावून बघा, एका दिवसात बादली किती उतरते ते कळेल, फार भराभर उतरली तर दोरी बारीक घ्या. शेजारी चावी देण्याइतकं घरोब्याचं कुणी असेल तर मधे एकदा बादली भरायला सांगा, आणि त्या दिवशी पिकलेल्या मिरच्या त्यांनीच तोडून न्याव्यात असंही सांगा.